खाणवाटा

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात काचेमागे एक गडद निळा हिरा ठेवला आहे. वजन ४५.५२ कॅरट, नाव होप. महाबळेश्वराला उगम पावलेली कृष्णा आंध्रात ज्या कोल्लूरच्या खाणींजवळून वाहते, तिथे तो सतराव्या शतकात निघाला असं मानतात. फ्रान्सचे राजे, लंडनचे धनिक अशी घरं बदलत १९११ साली तो एव्हलिन वॉल्श मॅक्लीन या अमेरिकन बाईंच्या गळ्यात पोचला. किंमत होती १,८०,००० डॉलर. बाईंचं सासर वर्तमानपत्राच्या मालकांचं होतं, पण माहेरही तोलामोलाचं होतं. त्या माहेरची श्रीमंती जमिनीतून जिथे निघाली, ती जागा आजही गाडीनं जाऊन पाहता येते. गाडी मात्र चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी हवी.

कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सॅन वान पर्वतरांग आहे. तिथल्या युरे या गावातून एक कच्चा रस्ता कॅम्प बर्ड खाणीकडे चढतो. एका ठिकाणी तो कड्याच्या पोटात असा कोरला आहे, की खडक पाख्यासारखा गाडीच्या टपावर पुढे येतो. दुसऱ्या बाजूला कठडा नाही, सरळ दरी. आयर्लंडहून आलेल्या टॉमस वॉल्श नावाच्या सुताराला १८९६ मध्ये या खोऱ्याच्या वरच्या अंगाला सोनं सापडलं, आणि तेही आधीच्या लोकांनी सोडून दिलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यात. ते लोक चांदीच्या मागावर होते, या दगडाकडे त्यांनी लक्षच दिलं नव्हतं. वॉल्शनं १९०२ मध्ये ही खाण पन्नास लाख डॉलरहून जास्त किमतीला विकली. खाणीला नाव मिळालं ते तळावर येऊन माणसांचा डबा पळवणाऱ्या एका राखाडी पक्ष्यावरून.

सॅन वानमधले आणि शेजारच्या युटा राज्यातल्या कॅन्यनमधले बहुतेक कच्चे रस्ते याच जातीचे आहेत. देखावा दिसावा म्हणून ते कुणी बांधले नाहीत. चांदी, सोनं, शिसं आणि पुढे युरेनियम खाली आणायचं होतं, म्हणून ते झाले. खनिज संपलं, भाव पडले, माणसं निघून गेली आणि वाट मागे राहिली. आज त्या वाटांवरून सहलीच्या गाड्या जातात. इथे डोंगर पाहायचेच, पण रस्ता कुणी, कशासाठी आणि कुणाच्या जमिनीतून काढला हे माहीत असेल, तर तोच डोंगर निराळा दिसतो.

आपला सह्याद्री ज्वालामुखीचा, सॅन वानही ज्वालामुखीचाच. पण दोघांची तऱ्हा वेगळी. दख्खनचा लाव्हा जमिनीच्या भेगांमधून थरावर थर पसरत गेला, म्हणून सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या रेघा दिसतात. सॅन वानमध्ये प्रचंड स्फोट झाले, आतलं पोट रिकामं झालं आणि वरची जमीन त्या पोकळीत कोसळली. अशा कोसळलेल्या कुंडांपैकी दोन सिल्व्हर्टन आणि लेक सिटी या गावांजवळ आहेत, दोन्ही दोन कोटी वर्षांहून जुनी. कुंडाच्या कडेला पडलेल्या भेगांमधून तापलेलं खनिजयुक्त पाणी वर चढलं आणि थंड होताना चांदी, शिसं, जस्त, सोनं मागे ठेवून गेलं. काळ्या कातळाच्या सह्याद्रीत असल्या शिरा नाहीत. त्या असत्या तर आपल्या घाटवाटांचं काय झालं असतं, याचा अंदाज सिल्व्हर्टनजवळचे लाल डोंगर पाहून येतो. तो लाल रंग म्हणजे खडकातल्या लोहखनिजाला हवा-पाणी लागून चढलेला गंज.

या भागात युट लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. चांदीची बातमी फुटली आणि १८७३च्या ब्रुनो कराराने त्यांच्याकडून जवळपास ४० लाख एकर डोंगराळ मुलूख काढून घेतला गेला. युरे हे गावाचं नाव युटांच्या प्रमुखाचं. गावाला त्याचं नाव मिळालं आणि त्याच्या लोकांना १८८१ मध्ये युटाच्या रुक्ष प्रदेशात हाकलून दिलं गेलं. गावात उतरणाऱ्या प्रवाशानं निदान एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.

करारांच्या वाटाघाटीत दुभाषा म्हणून एक बुटका, दाढीवाला गृहस्थ होता, ऑटो मिअर्स. जन्म १८४०चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या कुरलँडचा. ज्यू, लहानपणीच पोरका, कोवळ्या वयात एकटा अमेरिकेत आलेला. कोलोरॅडोत त्यानं गहू पिकवला, पण तो गिरणीपर्यंत न्यायला धड वाट नव्हती. तेव्हा त्यानं स्वतःच खिंडीतून रस्ता काढला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे घेऊ लागला. शेतीपेक्षा यात जास्त मिळतं हे त्याला लगेच उमगलं. पुढच्या काळात त्यानं या डोंगरांत सुमारे ४५० मैल टोलचे रस्ते बांधले आणि मग त्यांतल्या काही वाटांवर रेल्वेही टाकली.

त्याचा सगळ्यात धाडसी रस्ता युरेपासून दक्षिणेला, लाल डोंगरांच्या खाणींकडे जाणारा. १८८३ साली अनकंपाग्रे नदीच्या उभ्या कड्यावर मजूर दोरांना लटकून सुरुंगाची भोकं पाडत होते. मिअर्सनं टोलनाका ठेवला तो बेअर क्रीकच्या धबधब्यावरच्या पुलाशी. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला पाताळ, त्यामुळे नाका चुकवून जाणं शक्यच नव्हतं. जुन्नरजवळच्या नाणेघाटात दगडी रांजण दाखवून जकातीची नाणी यात टाकत असं सांगतात. सातवाहनांच्या त्या रांजणाची आणि मिअर्सच्या नाक्याची जागा निवडण्यामागची अक्कल एकच आहे. हा रस्ता आज ‘मिलियन डॉलर हायवे’ नावाचा डांबरी महामार्ग आहे. त्याला बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत, कारण हिवाळ्यात बर्फ ढकलून दरीत टाकावं लागतं आणि कठडा त्याच्या आड येतो. बर्फ काढताना हिमकडे कोसळून मेलेल्या चालकांचं स्मारक याच रस्त्याच्या कडेला आहे.

डांबर सोडून आत शिरायचं तर पहिली वाट ‘अल्पाइन लूप’. युरे, सिल्व्हर्टन आणि लेक सिटी ही तीन गावं जोडणारी, सुमारे ६५ मैलांची, म्हणजे १०५ किलोमीटरची. तिच्यावर दोन मोठ्या खिंडी आहेत, एंजिनियर पास ३,९०१ मीटरवर आणि सिनॅमन पास ३,८५३ मीटरवर. दोन्ही कळसूबाईच्या दुपटीहून उंच. बर्फामुळे वाट साधारण मे अखेर ते जूनमध्ये यंत्रांनी मोकळी करतात आणि ऑक्टोबरात ती पुन्हा बंद होते. मधल्या चार महिन्यांतही जुलैचा उत्तरार्ध खरा. तेव्हा लेक सिटीच्या बाजूचं अमेरिकन बेसिन फुलांनी भरतं. निळी-पांढरी कोलंबाइन हे कोलोरॅडोचं राज्यफूल, आणि तिथे ते वाटेच्या कडेलाच उभं असतं. दगडांच्या राशीतून पायका नावाचा मुठीएवढा प्राणी तोंडात गवताची पेंढी धरून पळतो. हिवाळ्याची बेगमी त्याला या छोट्या उन्हाळ्यातच करायची असते.

लूपवरचं ॲनिमस फोर्क्स हे ओसाड गाव सुमारे ३,४०० मीटरवर आहे. १८७३ मध्ये ते वसलं, दहा वर्षांत वस्ती साडेचारशेवर गेली. १८८४ च्या हिवाळ्यात तेवीस दिवस सलग बर्फ पडलं, पंचवीस फूट. लोकांनी एका घरातून दुसऱ्या घरात जायला बर्फात बोगदे खणले. तिथली लाकडी घरं अजून उभी आहेत, आत जाता येतं. तळमजल्यावरच्या एका खोलीत पुढे आलेली मोठी खिडकी आहे, तीन बाजूंनी काचा बसवायच्या घाटाची. एवढ्या उंचीवर कुणी तरी उन्हात बसून डोंगर पाहण्यासाठी ती हौसेनं करून घेतली होती. १८९३ मध्ये अमेरिकी सरकारनं चांदी खरेदीचा कायदा रद्द केला आणि चांदीचा भाव कोसळला. अशी कितीतरी गावं त्यानंतर उठली.

गाडी चालवण्याचं शास्त्र इथे घाटातल्या सवयीपेक्षा वेगळं आहे. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये ‘लो रेंज’ नावाची दुसरी गिअरपट्टी असते. ती लावली की इंजिन जास्त फिरतं आणि चाक कमी, जोर वाढतो, वेग माणसाच्या चालण्याएवढा होतो. चढताना ती लागतेच, पण खरी गरज उतरताना. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर तासभर उतरणाऱ्याचे ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर पाय खोल जातो. सोळा-सतरा किलोमीटरचा वेग इथे पुष्कळ झाला. टायरमधली थोडी हवा कमी केली की रबर दगडाला बिलगतं. ३,९०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. साधं इंजिन त्या हवेत तिसरा हिस्सा ताकद गमावतं. माणसाचंही तेच होतं: डोकं दुखतं, मळमळतं, निर्णय चुकतात. म्हणून समुद्रसपाटीवरून आलेल्यानं आधी एक-दोन रात्री युरे किंवा सिल्व्हर्टनला काढाव्यात. आणि दुपारच्या आत खिंड ओलांडून झाडांच्या रेषेखाली यावं, कारण उन्हाळ्यात तिथे दुपारी विजांचं वादळ जवळजवळ रोजचं.

अरुंद वाटेवर दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर चढणाऱ्याला आधी वाट. उतरणाऱ्यानं मागे घ्यायचं. चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा पकड मिळणं अवघड, म्हणून हा नियम. तिथे तो पाळला जातो. आपल्या घाटांतही तोच लिहिलेला आहे, आणि तो पाळला तर निम्म्या कोंड्या होणार नाहीत.

कॅम्प बर्डच्याही वर गेलं की इमोजिन पास, ३,९९७ मीटर. खिंडीशेजारी दगड रचलेली एक चौकी आहे, फोर्ट पीबॉडी. पलीकडच्या टेल्युराइडमध्ये १९०३-०४ साली खाणकामगारांचा संप झाला होता. सैनिकांनी संपकऱ्यांना गावातून हद्दपार केलं, आणि ते डोंगरावरून परत येऊ नयेत म्हणून या खिंडीत पहारा बसवला. चौकीला नाव दिलं राज्याच्या गव्हर्नरचं. बर्फात, वाऱ्यात, चार हजार मीटरवर बंदूक घेऊन माणसं उभी केली होती ती आपल्याच गावचे कामगार अडवायला. फोटो काढायला थांबणाऱ्या गाड्यांची तिथे गर्दी असते. त्या दगडांकडेही दोन मिनिटं पाहावं.

खिंडीच्या पलीकडे टॉमबॉय खाणीचे अवशेष लागतात. १९०६ मध्ये हॅरिएट बॅकस ही नवी नवरी इथे संसाराला आली. नवरा खाणीत धातू तपासण्याच्या कामावर. तिनं म्हातारपणी लिहिलेल्या आठवणी १९६९ मध्ये ‘टॉमबॉय ब्राइड’ नावानं प्रसिद्ध झाल्या. किराणा, कोळसा, पाळणा, सगळं खेचरांवरून वर यायचं. खाणीसाठी लागणारा जाड लोखंडी दोर तोडता येत नसे. तेव्हा एकच सलग दोर खेचरांच्या रांगेवर वेटोळी करून लादत आणि ती अख्खी रांग एकमेकांना बांधलेली डोंगर चढे. आता तिथे गंजलेले पत्रे आणि पाये आहेत.

खाणी बंद झाल्या तरी त्यांचं पाणी बंद होत नाही. पोकळ डोंगरात पावसाचं पाणी उतरतं, गंधकयुक्त खनिजाला लागून आम्ल बनतं आणि धातू घेऊन बाहेर पडतं. सिल्व्हर्टनच्या वर, गोल्ड किंग खाणीच्या तोंडाशी ५ ऑगस्ट २०१५ रोजी पर्यावरण खात्याच्याच पथकाचं काम चालू असताना बांध फुटला आणि सुमारे तीस लाख गॅलन पाणी ॲनिमस नदीत गेलं. नदी नारिंगी झाली. पुढच्या वर्षी इथल्या ४८ जागा मिळून देशाच्या अतिदूषित स्थळांच्या यादीत घातल्या गेल्या. अल्पाइन लूपवर जाणारा प्रवासी त्या ढिगाऱ्यांच्या शेजारूनच जातो.

युरेहून पश्चिमेला तीन-एक तास गेलं की डोंगर संपतात आणि युटाचा लाल वालुकाश्म सुरू होतो. मोआब गाव, कोलोरॅडो नदी, आणि तिनं कोरलेल्या दऱ्या. इथल्या वाटा चांदीच्या वाटांच्या मानानं अगदी अलीकडच्या, १९५०च्या दशकातल्या. त्या काढायला खेचर लागलं नाही, जीप होती. महायुद्धासाठी १९४० मध्ये आराखडा झालेली ही गाडी साडेसहा लाखांच्या आसपास बनली आणि युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांना, भूवैज्ञानिकांना, खाणवाल्यांना मिळाली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी ती मुंबईत जोडायला घेतली, आणि पुढे महाराष्ट्राच्या गावागावांत तिचं वडाप झालं.

मोआबची कथा चार्ली स्टीनशिवाय सांगता येत नाही. टेक्सासचा हा भूवैज्ञानिक बायको आणि चार मुलांसह सिस्को गावाजवळ एका झोपडीत राहत होता. अणुबॉम्बसाठी युरेनियम हवं होतं आणि घेणारं गिऱ्हाईक एकच, सरकार. बाकीचे शोधक किरणोत्सार टिपणारं गायगर यंत्र घेऊन पृष्ठभाग धुंडाळत होते. स्टीनकडे यंत्र घ्यायला पैसे नव्हते, आणि खनिज खोल असणार असा त्याचा तर्क होता. जुलै १९५२ मध्ये लिस्बन व्हॅलीत त्याचं ड्रिल १९७ फुटांवर मोडलं. वाटेत लागलेला काळा दगड त्याला ओळखता आला नव्हता, कारण तो पिवळ्या खनिजाच्या शोधात होता. हताश होऊन जीपमध्ये ते तुकडे टाकून तो सिस्कोला परतला. पेट्रोल पंपावर एक ओळखीचा माणूस गायगर यंत्रानं आपले नमुने तपासत होता. सहज म्हणून स्टीनचा काळा तुकडा पुढे धरला आणि काटा टोकाला जाऊन आदळला. झिजलेले बूट स्टीननं पुढे ब्राँझमध्ये मढवून ठेवले. त्याची खाण ‘मी व्हिदा’ कोट्यवधींची ठरली, आणि १९६८ मध्ये त्याचं दिवाळं निघालं.

या धावपळीतच अणुऊर्जा आयोगानं आज जगातल्या सुंदर वाटांमध्ये गणला जाणारा ‘व्हाइट रिम’ रस्ता काढला. कॅन्यनलँड्सच्या पठाराखाली सुमारे ३६५ मीटरवर पांढऱ्या वालुकाश्माची एक सपाट पायरी आहे. तिच्या कडेकडेनं हा रस्ता १६० किलोमीटर फिरतो. खाली आणखी एक पाताळ आणि त्यात कोलोरॅडो व ग्रीन या नद्या. पठारावरून तिथे उतरणारी शेफर वाट मुळात आदिवासींची, मग गुरं नेणाऱ्यांची, मग युरेनियमच्या ट्रकांची. एवढा खर्च करून व्हाइट रिमवर युरेनियम फारसं मिळालंच नाही. शेजारच्या आर्चेस या संरक्षित क्षेत्राचे अधिकारी बेट्स विल्सन पाहुण्यांना जीपमध्ये घालून या दऱ्या दाखवत राहिले. केंद्रीय मंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनाही त्यांनी फिरवलं, आणि १२ सप्टेंबर १९६४ रोजी कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान झालं. बॉम्बसाठी काढलेला रस्ता असा लोकांच्या ताब्यात आला.

युरेनियमचा हिशेब मात्र फिटलेला नाही. नावाहो लोकांच्या भूमीवर पाचशेहून अधिक सोडून दिलेल्या युरेनियम खाणी आहेत. तिथले कामगार पुरेशा वायुवीजनाशिवाय, धोका न सांगता आत पाठवले गेले. फुप्फुसाच्या कर्करोगानं माणसं गेली आणि भरपाईचा कायदा यायला १९९० उजाडलं. मोआबच्या वेशीवर, नदीच्या काठालाच, किरणोत्सारी गाळाचा १.६ कोटी टनांचा ढीग होता. २००९ पासून तो रेल्वेनं उचलून क्रेसंट जंक्शनला पुरण्याचं काम सुरू झालं.

या वाळवंटात चाक रस्त्याबाहेर गेलं तर काय होतं, हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही. जमिनीवर काळसर, खडबडीत पापुद्रा असतो. ती नुसती माती नाही. शैवाल, दगडफूल, बुरशी आणि सूक्ष्मजीव यांनी विणलेलं जिवंत कवच आहे. तेच वाळू धरून ठेवतं, पाणी मुरवतं, झुडपांना नत्र पुरवतं. एका चाकाखाली ते मोडलं की भरून यायला दशकं लागतात. सॅन वानच्या उंच कुरणांवरही तसंच, तिथे वाढीचे दिवस वर्षाकाठी दोन महिनेच. कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या सड्यांवर, पावसाळ्यात फुललेल्या पातळ मातीवर गाड्या घालणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं. तिथलीही माती अशीच बोटभर असते.

वाट कुणाची, हा वाद तिथे अजून पेटलेला आहे. १८६६च्या एका कायद्यानं सार्वजनिक जमिनीवरून रस्ता काढण्याची मुभा दिली होती. १९७६ मध्ये ती रद्द झाली, पण आधीच्या वाटांचा हक्क शाबूत राहिला, आणि युटा राज्य हजारो वाटांवर तो हक्क सांगतं. २०२३ मध्ये जमीन खात्यानं मोआबजवळच्या लॅबरिंथ कॅन्यन परिसरातल्या ३१७ मैल वाटा गाड्यांना बंद केल्या आणि प्रकरण न्यायालयात गेलं. जीपवाल्यांचं दुःख खरं आहे, त्यांच्या पिढ्या या वाटांवर वाढल्या. तरी नदीच्या अगदी काठाशी इंजिनाचा आवाज नको, असं म्हणणाऱ्यांची बाजू अधिक सबळ वाटते. शेकडो मैल वाटा उरल्यात. शांत दऱ्या तेवढ्या नाहीत.

मुलांकडे डेन्व्हरला किंवा सॉल्ट लेक सिटीला जाणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी आणि त्यांना फिरवणाऱ्या मुलांसाठी चार गोष्टी. विमानतळावर भाड्यानं घेतलेल्या साध्या एसयूव्हीच्या करारात कच्च्या रस्त्यांना बहुधा मनाई असते. ती गाडी इथे आणू नका, युरे, सिल्व्हर्टन, लेक सिटी किंवा मोआबमध्ये जीप भाड्यानं मिळते. व्हाइट रिमसाठी परवाना आधी काढावा लागतो, लो रेंज नसलेली गाडी चालत नाही, आणि संपूर्ण वाटेवर पिण्याचं पाणी कुठेही नाही. गाडी अडकली तर ओढून आणण्याचं बिल हजार डॉलरच्या वर जातं. टेल्युराइडवर उतरणारा ब्लॅक बेअर पास एकमार्गी आहे आणि त्याच्या दगडी पायऱ्यांवर माणसं मेली आहेत. पहिल्या खेपेला तिथे जाऊ नका, सिनॅमन पासनं सुरुवात करा. पाणी, गरम कपडे आणि कागदी नकाशा जवळ ठेवा, फोन बहुतेक वाट मुका असतो. आणि समोरून कुणी चढत येत असेल तर गाडी थांबवा, मागे घ्या, पण बाजूच्या गवतावर चाक चढवू नका.